व्हीपीएन लावलं की ॲप उघडेना: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान बेळगावच्या शहापुरात आहे. आरटीसीचा म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीचा उतारा, पलीकडचा म्हणजे महाराष्ट्राचा सातबारा, परीक्षेचे अर्ज, रेल्वेचं तिकीट, पॅनकार्ड अशी कामं चालतात, आणि त्याच्या जोडीला 'जरा फोन बघा की' हे फुकटचं काम. या फुकटच्या कामात एक तक्रार सारखी यायला लागलीय. पोरानं किंवा नातवानं फोनमध्ये व्हीपीएन (आपला इंटरनेटचा पत्ता लपवून दुसऱ्याच सर्व्हरवरून बाहेर काढणारं ॲप), जाहिराती अडवणारं ॲप नाहीतर कुठला तरी वेगळा ब्राउझर घालून दिलेला असतो, आणि तेव्हापासनं एखादी साइट दारातनंच परत पाठवते. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

मी व्हीपीएन लावलेलंच नाही. तरी बँकेचं ॲप 'व्हीपीएन बंद करा' म्हणून का अडून बसलंय?

बहुतेक वेळा लावलेलं असतं, फक्त त्याचं नाव व्हीपीएन नसतं.

मागे अनगोळच्या एक मावशी आल्या. पेन्शन जमा झाली का बघायचं होतं आणि ॲप उघडत नव्हतं. "मी कशालाच हात लावलेला नाही बाळ, आपोआप बिघडलंय." फोन हातात घेतला तर वरच्या पट्टीत, बॅटरीच्या शेजारी, किल्लीचं बारीक चित्र. सुट्टीला आलेल्या नातवानं गेममध्ये जाहिराती नकोत म्हणून त्या अडवणारं ॲप घातलं होतं. अँड्रॉइडवर अख्ख्या फोनच्या जाहिराती अडवायच्या तर अशा ॲपला एकच सोपी वाट असते, व्हीपीएनसाठी राखलेल्या जागेत जाऊन बसायचं. फोनमधून बाहेर जाणारं सगळं आधी त्याच्या हाताखालून जातं आणि जाहिरातीचा कचरा तिथंच गाळला जातो. माहिती कुठल्या परदेशी सर्व्हरकडे जात नाही, सगळी चाळणी फोनमध्येच. पण बँकेच्या ॲपला एवढं बारीक बघायचं नसतं. ते फोनला एकच विचारतं, 'व्हीपीएन चालू आहे का?' फोन म्हणतो, 'आहे.' विषय संपला.

तुमच्याकडे अँड्रॉइड असेल तर ती किल्ली शोधा. आयफोनवर कंट्रोल सेंटर खाली ओढलं की व्हीपीएन ही अक्षरं दिसतात. मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात व्हीपीएन, आणि तिथं कुणाचं नाव आहे ते बघा. अँटिव्हायरस, मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणारी ॲप, 'सुरक्षित वायफाय' नावाचं काहीतरी, यातलं कुणीही तिथं सापडतं.

जाहिराती तर नकोतच, पण बँकही चालायला हवी, असं असेल तर अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची वेगळी सोय आहे. डीएनएस म्हणजे साइटचं नाव सांगितलं की तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी वही. जाहिराती गाळणाऱ्या डीएनएसचं नाव तिथं घातलं की व्हीपीएनची जागा मोकळी राहते आणि किल्लीही दिसत नाही. मावशींच्या फोनला तेच करून दिलं. नातवाला कळलं नाही, बँकेलाही कळलं नाही.

बँकेला व्हीपीएनचं एवढं वावडं का?

थोडं खरं कारण, थोडा आळस.

खरं कारण असं. तुम्ही रोज बेळगावातनं ॲप उघडता. आज सकाळी दहाला बेळगाव आणि दहा वाजून पाच मिनिटांनी नेदरलँड्स दिसलं, तर पाच मिनिटांत माणूस तिकडं पोचत नाही हे यंत्रालाही कळतं. कुणीतरी पासवर्ड चोरलाय असं धरून ते दार लावून घेतं. चोर पकडायची ही खूण व्हीपीएनमुळं बोथट होते. शिवाय गिऱ्हाइकाला फसवून फोनची स्क्रीन बघणारी ॲप घालायला लावायची, आणि मग ओटीपी वाचायचा, हा धंदा सध्या जोरात आहे. त्यामुळं बँकेची ॲप स्क्रीन शेअरिंग, डेव्हलपर ऑप्शन, रूट केलेला (म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेला) फोन असं सगळं तपासतात आणि त्याच यादीत व्हीपीएनही घालतात.

स्क्रीन शेअरिंगची तपासणी मला पटते. व्हीपीएनची नाही. बँकेचं ॲप आणि बँक यांच्यातलं बोलणं आधीच कुलूपबंद असतं, व्हीपीएनवाल्याला त्यातलं काही वाचता येत नाही. आणि ज्यानं खातं लुटायचं ठरवलंय तो घरगुती जोडणीचे चोरलेले पत्ते भाड्यानं घेतो. तो या चाळणीत अडकतच नाही, मावशी अडकतात.

पण साइटला कळतं कसं, की मी व्हीपीएनमधून आलोय?

आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. आयपी पत्त्यांचाही सातबारा असतो.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. हे पत्ते गठ्ठ्यांनी वाटले जातात आणि कुठला गठ्ठा कुणाच्या नावावर आहे याची नोंद उघडी असते. आशियातल्या बऱ्याच भागासाठी ही नोंद एपनिक नावाची संस्था ठेवते, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. तुमच्या घरचा पत्ता मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीच्या नावावर निघतो. व्हीपीएनचा पत्ता बहुधा डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर निघतो. डेटा सेंटरमध्ये माणसं राहत नाहीत. तिथून कुणी 'मी गिऱ्हाईक' म्हणून आलं की साइट भुवया उंचावते. अशा पत्त्यांच्या तयार याद्या विकत मिळतात, त्यामुळं प्रत्येक साइटला स्वतः उतारे काढत बसावं लागत नाही.

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायचं एक जाळं. त्याचं तर आणखी सोपं. टॉरची माहिती ज्या शेवटच्या ठिकाणाहून बाहेर पडते त्या सगळ्या ठिकाणांची यादी टॉर चालवणारी संस्था स्वतःच जाहीर करते. लपवाछपवी नाही. ज्याला अडवायचंय त्यानं यादी उतरवून घ्यावी.

बाकीच्या खुणा बारीक आहेत. एकाच पत्त्यावरून तासात शेकडो वेगवेगळी खाती उघडली जाणं. पत्ता फ्रँकफर्टचा आणि ब्राउझरचं घड्याळ भारतीय वेळेचं. फाँट, स्क्रीनचा आकार, भाषा, असल्या किरकोळ गोष्टी एकत्र केल्या की ब्राउझरचा जणू अंगठाच उमटतो. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं लोकांना बोलावून ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. आता गंमत बघा. हा अंगठा पुसणारा ब्राउझर वापरला तर 'याला अंगठाच नाही' म्हणून संशय.

मी कुणाचं काही वाईट केलं नाही. मग मलाच का?

खडेबाजारात पिवळ्या पाटीची एसटीडी बूथं होती ते आठवतंय का? समजा रात्री कुणीतरी त्या बूथवरून एका डॉक्टरला शिव्या घातल्या. डॉक्टरनं नंबर लिहून ठेवला आणि ठरवलं, या नंबरावरून फोन आला की उचलायचा नाही. सकाळी पोराला ताप आला म्हणून तुम्ही त्याच बूथवर गेलात. घंटा वाजतेय, पलीकडं कुणी उचलत नाही.

व्हीपीएनचा एक पत्ता अशीच हजारो माणसं वापरतात. त्यातल्या दोघांनी साइटवर स्पॅम टाकला, चोरलेले पासवर्ड घालून बघितले, तिकिटं उचलायचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) चालवला, की सगळ्यांच्या नावावर काळी फुली. साइटला माणूस दिसत नाही, बूथ दिसतं. पत्त्यावरून माणूस जोखला की काय होतं हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. पण ते असो.

व्हीपीएन नाही, किल्ली नाही, जाहिरात अडवणारंही काही नाही. तरी 'तुमच्या नेटवर्कवरून संशयास्पद हालचाल' असं येतं.

मग तुम्ही न विचारता बूथवर आहात.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आत-बाहेर, आणि जगातले फोन त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना बाहेरून एकच पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या पत्त्यात तुमच्यासारखे किती जण आहेत ते तुम्हाला कधी कळणार नाही. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये व्हायरस असला की धुणं सगळ्यांचं. विमान मोड चालू करून बंद करा. बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो आणि साइट गप्प बसते. वायफायवरून मोबाइल डेटावर किंवा उलट करून बघा. हा उपाय इतका साधा आहे की लोकांना वाटतं मी टाळतोय.

सीमेवरची आणखी एक भानगड. आयपीवरून दिसणारं गाव हे तुमचं गाव नसतं, कंपनीचं बाहेर पडायचं दार जिथं असेल तिथलं गाव असतं. बेळगावात बसलेला माणूस कधी बंगळूर दिसतो, कधी हुबळी. चंदगडाकडं शेत असलेले आमचे एक नेहमीचे काका आहेत. शिनोळी ओलांडली की त्यांचा फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि कंपनीच्या हिशेबात ते कर्नाटक सर्कलमधून महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जातात. दुपारी बांधावरून सातबारा बघायचा, संध्याकाळी घरी येऊन आरटीसी. एका सेवेनं त्यांना 'नवीन ठिकाणाहून लॉगिन' म्हणून आठवड्यात तीनदा ओटीपी मागितला. काका म्हणाले, "पंधरा किलोमीटरवर जातो की मी, अमेरिकेला जाऊलालोय होय?"

आयपीवरून गाव ओळखणं किती कच्चं असतं याचा एक किस्सा २०१६ मध्ये बाहेर आला. आयपीचं ठिकाण सांगणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडं 'अमेरिकेत आहे, पण नक्की कुठं ते माहीत नाही' अशा पत्त्यांसाठी नकाशाच्या मधोमधचा एक बिंदू ठरवलेला होता. तो कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता. साठ कोटींहून जास्त पत्ते त्या एका शेतावर जमा. चोरी झाली, कुणी हरवलं, कुणाला फसवलं, की पोलीस आणि चिडलेली माणसं त्या घरच्यांच्या दारात. वर्षानुवर्षं त्यांना कारण कळलं नव्हतं.

प्रत्येक साइटवर 'तुम्ही माणूस आहात का' विचारतात. चित्रं निवडून निवडून वैताग आला.

त्याला कॅप्चा म्हणतात. पत्त्यावर जितका संशय जास्त तितकी चित्रं जास्त. एका फेरीत सुटायला हवं तिथं पाच फेऱ्या लागल्या तर तुम्ही चुकलात असं नाही, तुमचा पत्ता आवडलेला नाही.

आणि ती चित्रं! 'फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा.' लाल, बुटका, अमेरिकेतल्या फुटपाथवरचा नळ तो. आमच्या अख्ख्या गल्लीत एकानंही प्रत्यक्ष बघितलेला नाही. खानापूरचे एक आजोबा त्याला शिवलिंग समजले आणि चित्रं सोडून दिली. माणूस असल्याचा पुरावा म्हणून परदेशातल्या रस्त्यावरची ओळख मागायची, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

आता चित्रांशिवायचेही कॅप्चा आलेत. साइटच्या दारावर पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीनं २०२२ मध्ये टर्नस्टाइल काढलं, नुसता चौकोन येतो आणि आपोआप टिक होते. बोटांना आराम, पण तपासणी गेलेली नाही, ब्राउझरच्या खुणांवर गेलीय. खुणा लपवणाऱ्या ब्राउझरला तो चौकोन गरगर फिरतच राहतो. तसं झालं तर पान पुन्हापुन्हा ताजं करू नका, संशय वाढतो. त्या एका साइटपुरतं ब्राउझरमधलं कडक संरक्षण सैल करा, नाहीतर साध्या ब्राउझरमधून ते काम उरका.

भारतात व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का?

नाही. देशभर लागू असणारी तशी बंदी नाही. जम्मू-काश्मीरमध्ये काही जिल्ह्यांत प्रशासनानं ठरावीक काळापुरते व्हीपीएनबंदीचे आदेश काढलेत, तिकडं जाणार असाल तर चौकशी करून जा. व्हीपीएन लावून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

गोंधळ झाला तो २०२२ मध्ये. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवावं. नोंद न ठेवणं हाच ज्यांचा धंदा त्यांनी काय करावं? एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले. वापरणाऱ्यावर बंदी आली नाही, दुकानदारानं दुकान हलवलं. म्हणून आज काही ॲपमध्ये तुम्ही 'भारत' निवडता, पत्ताही भारतीय दिसतो, पण यंत्र सिंगापूरला असतं.

खासगीपणाचा हक्क म्हणाल तर तो मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलंय. ज्यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, म्हणजे आपल्याच राज्यातले. पण तो निकाल दाखवून एखाद्या खासगी दुकानाला 'मला व्हीपीएनसकट आत घे' असं म्हणता येत नाही. त्यांनी नाही म्हटलं की नाही.

मुलगा आखातात आहे. तिथून सरकारी साइट उघडत नाही. व्हीपीएन लावू का म्हणतोय.

आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी साइट परदेशी पत्त्यांना दार उघडत नाहीत. हल्ले टाळायला तसं करतात. घरचाच माणूस कामाला बाहेर गेलाय आणि त्याला गावचा उतारा बघायचाय, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

भारताचा पत्ता देणारं व्हीपीएन लावून कधी उघडतं, कधी नाही. पण मुलगा अमिरातीत असेल तर आधी तिथला कायदा बघायला सांगा. तिथं गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरलं तर पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे. उताऱ्यापायी एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा? घरातलं कुणीतरी सर्व्हे नंबर घेऊन आमच्याकडं या, प्रिंट काढून फोटो पाठवू.

फुकट व्हीपीएन चालेल का?

या प्रश्नाला मी दुकानातलं काम थांबवून उत्तर देतो.

व्हीपीएन चालवायला सर्व्हर लागतात, वीज लागते, माणसं लागतात. पैसे तुम्ही देत नसाल तर कुणीतरी देतंय, आणि बदल्यात काहीतरी घेतंय. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं. गिऱ्हाइकांचीच इंटरनेट जोडणी ते दुसऱ्यांना विकत होते. तुमच्या पत्त्यावरून भलताच माणूस हिंडतोय आणि तुम्हाला पत्ता नाही. फेसबुकचं ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन होतं. लोक कुठली ॲप किती वापरतात ते त्यातून फेसबुकला कळत होतं. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून काढावं लागलं. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेनं ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं, त्याची गोष्ट तर सगळ्यांना ऐकवतो. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकट ॲप लोकांनी हौसेनं घातली आणि त्यातून जगभरातल्या कॉम्प्युटरचे १ कोटी ९० लाख पत्ते चोरांना भाड्यानं दिले गेले. वर लिहिलं ना, चोर घरगुती पत्ते भाड्यानं घेतो? ते घर हे.

अडवलं जाण्याच्या दृष्टीनंही फुकट व्हीपीएन सगळ्यात वाईट. पत्ते मोजके, गर्दी अफाट, त्यामुळं पहिली काळी फुली त्यांच्यावर पडते. फुकटच हवं असेल तर ज्या कंपनीचा मुख्य धंदा पैसे घेऊन व्हीपीएन देण्याचा आहे तिचं मर्यादित फुकट खातं घ्या. प्रोटॉनचं तसं आहे. वेग कमी मिळतो, देश निवडता येत नाही, पण पैसे कुठनं येतात ते दिसतं.

टॉर म्हणजे काळ्या धंद्याचं ना?

तसं नाही. पत्रकार, गैरप्रकार उघड करणारे, नवऱ्याच्या पाळतीतून सुटू बघणाऱ्या बायका, नुसतेच कुणी डोकावू नये असं वाटणारे, सगळे वापरतात. वाईट माणसंही वापरतात. माहिती तीन ठिकाणांवरून उड्या मारत जाते, त्यामुळं कुठल्याही एका ठिकाणाला दोन्ही टोकं माहीत नसतात.

किती वाईट, यावर २०१६ मध्ये मोठं भांडण झालं. क्लाउडफ्लेअर म्हणालं, टॉरमधून आमच्याकडं येणाऱ्या मागण्यांपैकी ९४ टक्के उपद्रवी असतात. टॉरवाल्यांनी विचारलं, मोजलं कसं ते दाखवा. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. एक बॉट लाख मागण्या करतो, एक माणूस दहा. मागण्या मोजल्या तर बॉट दिसणार, माणसं मोजली तर माणसं.

मराठी विकिपीडिया टॉरमधून वाचता येतो, लेख बदलायला गेलात की अडवतात. मात्र ओळखीच्या, भरवशाच्या संपादकांना कारण सांगून सूट मागता येते. अडवायचंच असेल तर असं अडवावं. वाचायला मोकळीक, लिहायला विचारपूस, आणि विचारायला माणूस.

बातम्यांच्या साइट ॲडब्लॉकर बंद करा म्हणतात.

त्यांचं पोट जाहिरातीवर आहे. रोज वाचता त्या साइटपुरता बंद करा. मात्र वाचायच्या आधी चार खिडक्या उघडणाऱ्या आणि फोन तापवणाऱ्या साइटला ही सवलत मी देत नाही.

यूट्यूबवर सगळ्या जाहिराती कन्नडमधून येतात. व्हीपीएननं मराठी येतील का?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. ठिकाण बेळगाव म्हटल्यावर कन्नड येणार, त्यात नवल नाही. मुंबईचा पत्ता मिळवायला व्हीपीएन घ्याल तर वर सांगितल्याप्रमाणं तो कदाचित सिंगापूरच्या यंत्रावरून येणार, आणि जाहिरात कदाचित भलत्याच भाषेत. गूगलच्या खात्यात भाषा मराठी करा, मराठी व्हिडिओ बघा. थोडा फरक पडतो. पूर्ण जाणार नाही.

परदेशातली मालिका, क्रिकेट?

हक्क देशागणिक विकलेले असतात, म्हणून नेटफ्लिक्सनं जानेवारी २०१६ पासून व्हीपीएन अडवायला घेतलं. उंदीर-मांजराचा खेळ आहे. यात मी पडत नाही.

मग व्हीपीएन कधी लावायचं, कधी काढायचं?

माझा हिशेब असा. जिथं नाव, पॅन, आधार देऊनच आत जायचंय तिथं पत्ता लपवून फारसं काही साधत नाही. बँक, यूपीआय, प्राप्तिकर, रेल्वे. तिथं काढून ठेवा. ते तुम्हाला आधीच ओळखतात. जिथं तुमचं नाव कुणाला कळायचं कारण नाही, म्हणजे आजाराबद्दल वाचणं, वकिलाचा सल्ला शोधणं, नोकरी बदलायचा विचार, तिथं लावा. आणि अशा ठिकाणी कुणी अडवलं तर दुसरी साइट शोधा. डोकेदुखीवर चार ओळी वाचायला माझा खरा पत्ता मागणाऱ्यांकडं मी जात नाही. सीबीटीवर (बसस्टँडवर), लॉजमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये फुकट वायफाय धरलं असेल तरीही लावा.

दर वेळी काढा-घाला नको असेल तर चांगल्या व्हीपीएनमध्ये 'स्प्लिट टनेलिंग' असतं. अमुक ॲप व्हीपीएनच्या बाहेर ठेवा, असं सांगता येतं. काही बँकांची ॲप तरीही किल्ली बघून कुरकुर करतात. त्यांना इलाज नाही, काढावंच लागतं.

खातंच लॉक झालंय. आता?

पहिलं म्हणजे पासवर्ड पुन्हापुन्हा मारू नका. व्हीपीएन काढा, नेहमीचा फोन, नेहमीचं सिम, नेहमीचं नेटवर्क धरा, आणि एक दिवस थांबा. बरीच कुलपं आपोआप उघडतात.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथं चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेत. व्हीपीएनमुळं अडकलेल्या खात्यात पैसे सुरक्षित असतात, 'खातं उघडून देतो' म्हणणाऱ्याला फोन लावला की जातात. नंबर कार्डाच्या पाठीमागचा किंवा पासबुकवरचा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरावर फोन करा.

बँकेला लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ, स्क्रीनवर आलेला मजकूर जसाच्या तसा, फोनचं मॉडेल. 'ॲप चालत नाही' एवढंच लिहिलं तर 'पुन्हा इन्स्टॉल करा' हे उत्तर ठरलेलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ नंबर आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाला बँकेनं लेखी कळवलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव'. कुठलं कारण, ते नाही. त्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं, "माझ्या फोनमध्ये व्हीपीएन नसून जाहिरात गाळणारं ॲप आहे, ते कुठल्या नियमात बसत नाही ते कळवा." पुढच्या अपडेटनंतर त्यांच्या फोनवर ती सूचना यायची थांबली. त्यांच्या पत्रामुळं थांबली असं मी म्हणत नाही. ते म्हणतात.

तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन आहे का?

नाही. परीक्षेचे अर्ज सुटले की एका दिवसात पन्नास-साठ पोरं आमच्या एकाच पत्त्यावरून लॉगिन करतात. व्हीपीएन नसतानाही संध्याकाळपर्यंत आम्हालाच फायर हायड्रंट शोधायला लावतात. म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका. सकाळी दहाच्या आत या, तेव्हा पत्ता ताजा असतो. येताना आधारला जोडलेला नंबर असलेला फोन आणा, चार्ज करून.